खाडीचा उभा छेद

गाढी आणि काळुंद्रे या नद्या पनवेलच्या खाडीला मिळतात, त्या पट्ट्याला लागून सिडकोची करंजाडे वसाहत उभी आहे. पश्चिमेला तिवरांची दाट हिरवी पट्टी, तिच्यापलीकडे भराव आणि भरावावर नवी मुंबईचा विमानतळ. चित्रकार, शिल्पकार, छायाचित्रकार खाडीविषयी जे काही करतात त्याची नोंद ठेवणं आणि त्यातलं निवडून लोकांपुढे मांडणं हे माझं काम. या कामात एकच प्रश्न पुन्हा पुन्हा समोर येतो: खाडीवरच्या कलेकडून नेमकी कशाची अपेक्षा ठेवायची? बहुतेकांचं उत्तर तयार असतं. लोकांना खाडी आवडायला लागावी, तिच्याविषयी आपुलकी वाटावी, एवढं कलेने केलं तरी पुष्कळ झालं. मला हे उत्तर अपुरं वाटतं. खाडी कशी चालते, तिच्या काठावर कुणी राबून काय उभं केलं आणि त्यातलं काय बुजवलं गेलं, याचा पुरावा उभा करणं हे आजच्या कलावंताचं पहिलं काम आहे. देखणेपण त्या पुराव्यातून आपसूक येतं. उलट आधी देखणेपणाच्या मागे लागलं की पुरावा हातचा जातो, आणि एकदा गेलेला पुरावा खाडीच्या बाबतीत परत मिळत नाही.

याचं कारण खाडीच्या स्वभावातच आहे. ती दिवसातून दोनदा भरते आणि दोनदा ओसरते. भरतीची वेळ रोज पाऊण तासाहून थोडी अधिक पुढे सरकते, म्हणून मासेमारी करणारा माणूस घड्याळाआधी तिथी विचारतो. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ हाती येते: चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या सुमारास. अमावास्या-पौर्णिमेला उधाण म्हणजे सर्वांत मोठी भरती, अष्टमी-नवमीच्या आसपास भांग म्हणजे सर्वांत लहान. उधाणाच्या भरतीला जिथून होडी जाते, तिथेच सहा तासांनी निवट्या हे मासे चिखलावर उड्या मारत असतात. ती जागा जमीन की पाणी, हे वेळ सांगितल्याशिवाय ठरत नाही. नकाशाला मात्र एक ठाम रेघ लागते. किनारा नियमनाची अधिसूचना १९९१ साली आली, २०११ आणि २०१९ मध्ये ती नव्याने काढली गेली, आणि प्रत्येक वेळी तिचा पाया भरतीरेषा हाच राहिला. अशी रेघ कागदावर ठरते आणि कागदावरच बदलते. नवी मुंबईच्या विमानतळाला वाट करून देण्यासाठी २००९ मध्ये या अधिसूचनेत दुरुस्ती झाली आणि २०१० मध्ये पर्यावरण मंजुरी मिळाली. पुढे उलव्याची टेकडी सपाट झाली, उलवे नदीचा प्रवाह वळवला गेला, खाजणांवर भराव पडला आणि दहा गावठाणांना उठावं लागलं. अशा प्रकल्पांच्या कागदपत्रांत भरतीचे आकडे असतात, पाण्याचे अभ्यासही असतात. पण काठावरच्या माणसांनी त्या पाण्याशी जमवून घेतलेली रीत त्या कागदांच्या रकान्यांत बसत नाही.

या उणिवेवर आपल्याकडे झालेलं सर्वांत विचारपूर्वक काम म्हणजे अनुराधा माथुर आणि दिलीप दा कुन्हा यांचं 'सोक: मुंबई इन ॲन एस्च्युअरी' हे प्रदर्शन आणि त्याच नावाचं पुस्तक. २६ जुलै २००५ च्या पावसाने मुंबईबरोबर पनवेललाही वेढलं, गाढीचं पाणी वस्तीत शिरलं. त्यानंतरची सगळी चर्चा नाले रुंद करा, भिंती बांधा, पंप बसवा अशी चालली होती. २००९ मध्ये मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला दालनात मांडलेल्या या प्रदर्शनाने प्रश्नच बदलला. पावसाचं गोडं पाणी आणि भरतीचं खारं पाणी जिथे एकमेकांत मुरतं अशा मुखप्रदेशात हे महानगर वसलं आहे, आणि इथल्या जमिनीचा मूळ धर्म पाणी धरून ठेवून सावकाश सोडण्याचा आहे, असं त्यांचं म्हणणं. ते पटवण्यासाठी दोघांनी नकाशावरची भिस्त कमी करून उभे छेद काढले. वरून पाहिलं की जमीन आणि पाणी यांच्यामध्ये सीमा दिसते. जमीन वरून खाली कापून बाजूने पाहिली की ती सीमा नाहीशी होते आणि उतार, चिखलाची जाडी, मुळांची खोली, ओहोटीची आणि उधाणाची पातळी असं सगळं एका चित्रात येतं. इथे रेखाटनाची पद्धत हाच युक्तिवाद आहे. २००५ च्या पाण्याचा नुसता हाहाकार रंगवला असता तर लोक हळहळले असते आणि विसरले असते. छेद पाहिलेला माणूस मात्र पुढच्या वेळी भराव पाहताना हे पाणी आता कुठे जाईल, असं विचारतो.

पनवेल-उरण-अलिबागच्या खारेपाटात हाच छेद माणसांनी शतकानुशतकं हातांनी बांधला आहे. खाजणाची शेती म्हणजे खाडीच्या चिखलातून बाहेर काढलेली भातजमीन. खाडीच्या बाजूला मोठा बांध, आतल्या बाजूला लहान बांध आणि मोठ्या बांधात ठरावीक जागी उघाडी. उघाडीची झडप अशी बसवलेली असते की भरतीचं पाणी बाहेरून दाबलं की ती आपोआप मिटते. ओहोटीला बाहेरची पातळी उतरली की आत साठलेलं पावसाचं पाणी तिला ढकलून बाहेर पडतं. पहिल्या पावसांनी जमिनीवरचं मीठ धुऊन निघतं, ते पाणी उघाडीतून खाडीत जातं आणि मग लावणी होते. एखाद्या उधाणात बांधाला खांड पडली तर खारं पाणी आत पसरतं, त्या वर्षीचं पीक तर जातंच, शिवाय जमीन पुन्हा गोडी व्हायला पुढचे पावसाळे लागतात. म्हणून खांड बुजवायला सगळा गाव लोटतो. या जमिनींसाठी पनवेलच्या खार जमीन संशोधन केंद्राने मीठ सोसणारे भाताचे वाण काढले, त्यांची नावंही 'पनवेल १', 'पनवेल २', 'पनवेल ३' अशी. आणि याच खारेपाटात, अलिबाग तालुक्यातल्या चरी इथे, कुळांनी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३ पासून वर्षानुवर्षं जमिनी न कसता संप चालवला. बांध आगरी कुळांनी घालायचा, खांड त्यांनीच बुजवायची आणि पिकाचा मोठा वाटा सावकार-खोताने न्यायचा, याविरुद्धचा तो संप होता. खाडीचा निसर्ग आणि खाडीचा इतिहास हे दोन वेगळे विषय मानणाऱ्या कलावंताने एक बांध आणि एक उघाडी नीट पाहिली तरी त्याचा तो समज टिकत नाही.

नोंद नसली की काय होतं, याचं उदाहरण शोधायला लांब जावं लागत नाही. सिडकोने १९७० नंतर नवी मुंबई वसवली तेव्हा पुष्कळसा भूभाग मोठ्या भरतीच्या पातळीहून खाली होता. पावसाचं पाणी साठवून ओहोटीला खाडीत सोडणारे होल्डिंग पाँड आणि त्यांच्या तोंडाशी झडपांची दारं, अशी व्यवस्था त्यासाठी केली गेली. ही व्यवस्था डच पद्धतीची म्हणून सांगितली जाते आणि नगररचनेच्या चर्चेत तिचं कौतुकही होतं. पण भरतीला मिटणारी आणि ओहोटीला उघडणारी झडप इथल्या खाजणांना नवी नव्हती. ज्या जमिनी संपादित झाल्या त्यांच्याच बांधांत ती बसवलेली होती. अभियंत्यांनी मुद्दाम श्रेय नाकारलं असं मी म्हणत नाही. त्यांनी पाहाव्यात अशा उघाडीच्या आकृत्या, छेद, कारागिरांचं बोलणं असं काही एका जागी मांडलेलंच नव्हतं. परिणाम मात्र दुहेरी झाला. एक, स्वतःच्या आजोबांनी चालवलेलं तंत्र परदेशी आहे असं समजून इथली पिढी वाढली. दोन, ते चालवणाऱ्यांचा सल्ला देखभालीत कुणी घेतला नाही. आज अनेक होल्डिंग पाँड गाळाने भरले आहेत, त्यांत तिवरं वाढली आहेत आणि गाळ काढायचा की तिवरं राखायची, असा पेच उभा आहे. उघाडीसमोरचा गाळ दर वर्षी उपसावा लागतो, हे खाजण कसणाऱ्याला वेगळं सांगावं लागत नव्हतं.

याच खाडीवर आज सर्वांत जास्त दिसणारी कला कोणती? नवी मुंबईच्या भिंतींवर, उड्डाणपुलांच्या खांबांवर, चौकांत फ्लेमिंगो आहेत. रंग प्रसन्न, काम सफाईदार आणि रंगवणारी मुलं मनापासून राबलेली. पक्षीही खरेच आहेत, ठाणे खाडीला २०२२ मध्ये रामसर यादीत स्थान मिळालं ते त्यांच्यासकट. तरीही या चित्रांत मोठी गफलत आहे. फ्लेमिंगो खाडीत येतो तो तिच्या चिखलातल्या सूक्ष्म शेवाळासाठी आणि बारीक जीवांसाठी, आणि भिंतीवर चिखल कधीच रंगवलेला नसतो. मागे निळं पाणी असतं, मावळतीचं आकाश असतं. मे २०२४ मध्ये घाटकोपरजवळ उतरणाऱ्या विमानाची धडक बसून जवळपास चाळीस फ्लेमिंगो मेले तेव्हा हळहळ सगळ्यांनी व्यक्त केली. पक्ष्यांचे थवे रात्री कुठून कुठे उडतात, कोणत्या पाणथळी कमी झाल्यावर त्यांचे मार्ग बदलतात, यावर मात्र एकाही भिंतीने काही सांगितलेलं नव्हतं. असं काम करणाऱ्याला प्रायोजक लवकर मिळतो. उघाडीचा छेद भिंतीवर काढू द्या म्हटलं की बैठक लांबते, कारण छेदासोबत भराव कुणी घातला हा प्रश्नही भिंतीवर येतो. ज्या चित्राला कुणाचीच हरकत नसते ते बहुधा कुणाला काही सांगतही नाही, हे या क्षेत्रात वावरताना पक्कं कळतं.

पहिला आक्षेप साहजिक आहे: नोंद ठेवणं हे इतिहासकारांचं, शास्त्रज्ञांचं काम, कलावंताला त्यात कशाला जुंपता? याचं उत्तर एका उदाहरणातून मिळतं. हान्स हाका या जर्मन कलावंताने १९७२ मध्ये क्रेफेल्डच्या संग्रहालयात शहराच्या सांडपाण्याने घाण झालेलं ऱ्हाईनचं पाणी आणलं, ते गाळण्यांतून शुद्ध केलं आणि त्यात सोनमासे सोडले. पाणी घाण आहे हे आकडे आधीपासून सांगत होते. ते शुद्ध करता येतं आणि तरी कुणी करत नाही, ही गोष्ट शहराला त्या दालनात डोळ्यांनी दिसली. आपल्याकडे पनवेल खाडीला मिळणाऱ्या कासाडी नदीच्या प्रदूषणाचे अहवाल कमी नाहीत. पण २०१७ च्या ऑगस्टमध्ये तळोजा औद्योगिक वसाहतीत कारखान्याच्या रंगाने निळे झालेले कुत्रे फिरताना दिसले, त्यांची छायाचित्रं जगभर गेली आणि कारवाई झाली. हातातला पुरावा पाहणाऱ्याच्या डोळ्यांत कसा उतरवायचा, हे कलावंताचं शिक्षण असतं. आणि नोंद म्हणजे रुक्षपणा असं मानणाऱ्याने डहाणू तालुक्यातले वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांची मासेमारीच्या जाळ्यांची चित्रं आठवावीत. कागदभर पसरलेलं जाळं, त्याचा प्रत्येक डोळा वेगळा काढलेला, आणि त्या असंख्य बारीक रेघांत होडी, माणूस आणि मासे. जाळं विणायला लागणारा वेळ चित्र काढायलाही दिलेला आहे. श्रमाची इतकी काटेकोर नोंद आणि इतकं देखणेपण एकाच हातून आलेलं आहे.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे, आणि तो गावांतूनच येतो. इथल्या भूमिपुत्रांनी विकासाला सरसकट विरोध केलेला नाही. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली झालेला लढा, जानेवारी १९८४ मध्ये जासई-दास्तान परिसरात गोळीबारात गेलेले पाच हुतात्मे, हे सारं योग्य मोबदल्यासाठी आणि हक्काच्या वाट्यासाठी होतं. त्यातून संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना आली, विमानतळासाठी ती साडेबावीस टक्क्यांवर गेली. वडघर-करंजाडे पट्ट्यात पुनर्वसनाचे भूखंड घेऊन लोकांनी इमारती उभ्या केल्या. मग चिखलात राबण्याचे दिवस रंगवून आम्हाला पुन्हा तिथेच उभं करायचं आहे का, असं कुणी विचारलं तर तो प्रश्न रास्तच आहे. खाजणातलं जिणं कष्टाचं होतं, कर्जाचं होतं, आणि त्याला सोनेरी रंग लावणारं चित्र मलाही खोटं वाटतं. माझा आग्रह त्यासाठीच पुराव्याचा आहे. पुरावा बांधाबरोबर खोताची वसुलीही दाखवतो, जिताड्याबरोबर रिकाम्या जाळ्याचा दिवसही दाखवतो. शिवाय मोबदला जमिनीचा मिळाला. खाडीवर, तिच्या मासळीवर सातबारा नव्हता. कालवं फोडणाऱ्या, खुबे आणि चिंबोऱ्या वेचून बाजारात नेणाऱ्या बायकांच्या कामाची तर कुठल्याच दप्तरात ओळ नव्हती. ज्याची ओळ नाही त्याचा वाटा मागता येत नाही, मग तो विकासातला का असेना.

तिसरा आक्षेप हताशेतून येतो: ८ ऑक्टोबर २०२५ ला विमानतळाचं उद्घाटन झालं, डिसेंबरात विमानं उडू लागली, आता चित्रं काढून काय थांबणार? काही थांबणार नाही, हे खरं आहे. पण खाडीचा हिशेब एका प्रकल्पाबरोबर मिटत नाही. २०१५ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाच्या पुणे खंडपीठाने उरण परिसरातल्या १६३० मच्छीमार कुटुंबांना ९५ कोटी १९ लाख रुपये भरपाई द्यावी, असा आदेश दिला. बंदराच्या कामांमुळे भरतीचं पाणी अडलं, खाडीत जायच्या वाटा बंद झाल्या, उपजीविका गेली, असं त्या पारंपरिक मच्छीमारांचं म्हणणं होतं. २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तिवरांचा नाश हा नागरिकांच्या जगण्याच्या हक्काचा भंग ठरवला. अशा प्रत्येक दाव्यात कुठे काय होतं, कोण कुठे जाळं लावत होतं, पाणी कुठवर येत होतं, हे सांगावं लागतं. चित्र म्हणजे प्रतिज्ञापत्र नव्हे, हे मान्य. पण तारीख, तिथी, जागा आणि माणसांचं म्हणणं यांसह केलेलं रेखाटन, काढलेलं छायाचित्र, मुद्रित केलेलं बोलणं हे पुढच्या दाव्याच्या आधीच तयार असतं. दावा उभा राहिल्यावर ते तयार करता येत नाही, कारण तोवर जागा भरावाखाली गेलेली असते.

हे काम करायचं कुणी आणि दाखवायचं कुठे, इथे मात्र टीकाकारांचं पुष्कळसं खरं आहे. बाहेरचा कलावंत येतो, कोळीवाड्यातल्या आजींचं बोलणं मुद्रित करतो, काम मुंबईच्या किंवा परदेशातल्या दालनात लागतं आणि त्या आजींपर्यंत त्यातलं काही परत येत नाही. ही लूटच आहे, तिला सौम्य नाव देण्याचं कारण नाही. ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यातले शिल्पकार पराग तांडेल आणि कादंबरी कोळी-तांडेल यांनी उभा केलेला 'तांडेल फंड ऑफ आर्काइव्ह्ज' मला याच कारणाने महत्त्वाचा वाटतो. कोळी समाजाच्या आठवणी, बोली, खाणं, गाणी, मासेमारीची साधनं यांचा हा संग्रह त्या समाजातल्याच माणसांनी सुरू केला. त्यामुळे काय जपायचं, काय बाहेर सांगायचं आणि काय घरातच ठेवायचं, हे ठरवण्याचा अधिकार काठावर राहतो. बाहेरच्यांनी खाडीवर काम करूच नये असा याचा अर्थ नाही. माथुर आणि दा कुन्हा कोळीवाड्यातले नव्हते, पण त्यांनी कुणाचं दुःख उचलून नेलं नाही. पाहण्याची एक पद्धत त्यांनी सगळ्यांच्या हाती दिली. बाहेरच्याने पद्धत आणावी, आतल्याने ज्ञान द्यावं आणि झालेल्या कामाची एक प्रत काठावरच राहावी, एवढा करार पाळला तरी निम्मी तक्रार मिटेल.

पनवेलपुरतं बोलायचं तर हे सगळं आजच सुरू करता येण्याजोगं आहे. १८३० मध्ये बोरघाटाचा रस्ता खुला झाल्यावर मुंबईहून पुण्याला जाणारा प्रवासी होडीने पनवेल बंदरात उतरत असे. १८५२ मध्ये इथे नगरपालिका आली, ती या बंदराच्या आणि बाजारपेठेच्या जोरावर. त्या बंदरापासून करंजाडेमार्गे विमानतळाच्या भरावापर्यंत दर काही अंतरावर खाडीचा उभा छेद काढावा. एक उधाणाचा, एक भांगाचा, एक भर पावसातला. त्यावर बांधांची, उघाड्यांची, मासे मिळण्याच्या जागांची नावं लिहावीत, जी आज साठीपलीकडच्या माणसांच्याच तोंडी उरली आहेत. हे काम कलाशाळांतल्या विद्यार्थ्यांनी गावांतल्या जाणत्यांबरोबर बसून करावं आणि पहिलं प्रदर्शन पनवेलच्या फडके नाट्यगृहात किंवा करंजाडेतल्या एखाद्या शाळेत लावावं. करंजाडेत आज राहायला येणारी बहुतेक कुटुंबं मुंबईतून, घाटावरून आलेली आहेत. त्यांना खाडी म्हणजे खिडकीतून दिसणारी मोकळी जागा, नाहीतर डासांचं मूळ. पुढच्या भरावाच्या, पुढच्या पुलाच्या सुनावणीत हरकती नोंदवायचा हक्क मात्र त्यांनाही आहे आणि गावकऱ्यांनाही. दोघांच्या हातात एकच छेद असेल तर ते एका भाषेत बोलू शकतील. खाडीवरच्या कलेने आमच्या पिढीत एवढं साधलं, तरी तिने आपलं काम केलं असं मी मानेन.